तुंबलेली लॉग फाइल

श्यामला बेहेरे आमच्या ऑफिसात रुजू झाल्या तेव्हा त्या एक्कावन्न वर्षांच्या होत्या आणि आमच्यातला सर्वांत मोठा, विश्वजीत, तेहेतीसचा. त्यांना मॅडम म्हणायचं की ताई, यावर आम्ही आठवडाभर घोळ घातला. शेवटी त्यांनीच सांगितलं, "ताई म्हणा. मॅडम म्हणवून घ्यायला मी तुमचे पेपर तपासत नाहीये."

त्या शनिवार पेठेतून स्कूटरवर यायच्या. आधी पंधरा वर्षं त्यांनी एका बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम केलं होतं, मग सासऱ्यांनी अंथरूण धरलं, त्यात नऊ वर्षं घरी, आणि मग पुन्हा नोकरी. मुलाखतीत ताईंनी 'जावा अजून चालते का' असं विचारलं, असं विश्वजीत सगळ्यांना सांगायचा. प्रत्यक्षात त्यांनी विचारलं होतं की तुम्ही जावा या संगणकभाषेची कोणती आवृत्ती वापरता, आणि ते विश्वजीतला मशीनवर बघून सांगावं लागलं होतं. हे मला माहीत होतं, कारण मी शेजारीच बसलो होतो. तरी मी हसायचो.

आमचं ऑफिस मार्केट यार्डाच्या मागच्या रस्त्यावर दुसऱ्या मजल्यावर होतं. खाली टेम्पोंची रांग, कोबीचा पाला, फुटलेले टोमॅटो. आम्ही खिडक्या कायम बंद ठेवायचो. श्यामलाताईंनी पहिल्याच दिवशी त्यांच्या बाजूची खिडकी उघडली. विश्वजीत म्हणाला, "सडक्या कांद्याचा वास येतो."

"आतल्यापेक्षा बरा आहे," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून फडकं काढून आधीच्या माणसाचा कीबोर्ड पुसायला बसल्या. फडकं काळं झालं. ते त्यांनी उलटं केलं, दुसरी बाजूही काळी झाली, तेव्हा तो कीबोर्ड त्यांनी दोन बोटांत धरून कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवला आणि दुसऱ्या दिवशी घरून स्वतःचा आणला.

आमची कंपनी म्हणजे खरं तर सरोजिनीबाईंचं वधूवर केंद्र. बाईंनी ते चाळीस वर्षांपूर्वी घरातल्या एका कपाटात सुरू केलं होतं. प्रत्येक स्थळाचं एक कार्ड, कपाटाला कुलूप, किल्ली कमरेला. आता त्याचं संकेतस्थळ झालं होतं. ते जावामध्ये लिहिलेलं होतं आणि ते चालू ठेवणं हे आमचं सहा जणांचं काम. तिसऱ्या मजल्यावर बाई बसायच्या, दुसऱ्यावर आम्ही. बाई खाली कधी येत नसत.

असं कुठलंही सॉफ्टवेअर चालत असताना आपण काय केलं हे एका फाइलमध्ये लिहीत जातं. अमुक वाजता अमुक माणूस आत आला, अमुक फोटो चढला नाही, अमुक ठिकाणी चूक झाली. याला लॉग म्हणतात. काही बिघडलं की आम्ही तो उघडून बघायचो. आमच्याकडे सगळ्यासाठी एकच लॉग होता. त्यातही, मी यायच्या आधी कुणीतरी एक बिघाड शोधताना अशी सोय करून ठेवली होती की लोक संकेतस्थळावर जे जे टाइप करतील ते सगळं जसंच्या तसं त्या फाइलमध्ये उतरेल. बिघाड सापडला, तो माणूस नोकरी सोडून गेला, सोय तशीच राहिली. तीन वर्षं ती फाइल रोज भरत होती. पासवर्डसुद्धा त्यात येत.

आणि खासगी टिपा येत. नोंदणीच्या अर्जात शेवटी एक चौकोन होता: 'कार्यालयाला काही खासगी सांगायचे असल्यास'. खाली बारीक अक्षरांत, 'ही माहिती पूर्णपणे गुप्त राहील.' लोक त्यात मनापासून लिहायचे. पहिलं लग्न दोन महिन्यांत का मोडलं. वडिलांचं पिणं. मुलीच्या पाठीवरचा कोडाचा डाग. कुणाला मूल होणार नाही. स्थळ नाकारतानाही खरं कारण लिहायला एक चौकोन होता, आणि तिथं मुलाच्या तोंडाला वास येतो इथपासून काहीही असायचं.

चार वाजता चहा यायचा. चहाबरोबर खारी. विश्वजीत लॉग उघडायचा, एखादा शब्द शोधायला टाकायचा, 'वास' नाहीतर 'काळी' नाहीतर 'घटस्फोट', आणि मोठ्यानं वाचायचा. आम्ही हसायचो. आठवड्यातलं सर्वांत भारी वाक्य फळ्यावर लिहिलं जायचं. 'चहा' नावाचा आमचा एक ग्रुपही होता, मोबाईलवर. रजेवर असलेल्याला हसायला मिळावं म्हणून.

मी हे लिहितो आहे कारण हे लिहिल्याशिवाय श्यामलाताई कशा होत्या ते सांगता येणार नाही. मीही हसलो. माझ्या खारीचा चुरा कीबोर्डवर पडायचा.

ताईंना पहिल्या महिन्यात एक साधं काम दिलं होतं, काही लोकांचे फोटो चढत नव्हते ते बघायचं. त्यांनी लॉग उघडला. मी समोरच्या टेबलावर होतो. पाच-दहा मिनिटं त्या वाचत होत्या, मग वाचता वाचता खुर्ची मागे सरकवली, जसं ताटात काहीतरी निघाल्यावर माणूस सरकतो. उठल्या आणि बेसिनवर जाऊन हात धुतले. साबण लावून, कोपरापर्यंत.

परत येऊन विश्वजीतला म्हणाल्या, "हा लॉग नाही. मोरी तुंबलीय."

"काय झालं, ताई?"

"चुकांची फाइल वेगळी हवी. कोण आलं-गेलं त्याची वेगळी. आणि लोकांच्या आजारपणाची तर कुठेच नको. दोन दिवसांचं काम आहे, मी करते."

"चालतंय ना सगळं? मग कशाला हात लावायचा? आणि तक्रार आली की मला एकाच ठिकाणी सगळं मिळतं."

"तेच म्हणतेय मी. सगळं मिळतं."

विश्वजीतनं ते काम यादीत शेवटी टाकलं. ताईंनी दर सोमवारी ते वर ओढलं, त्यानं दर सोमवारी खाली ढकललं. चहाच्या वेळी त्या आता आपला कप घेऊन जिन्यात जाऊन उभ्या राहायच्या. आम्हाला वाटायचं, ताईंना गर्व आहे.

जूनमध्ये एका दुपारी हिंदुराव भाडळे आले. वाघोलीचे. साठीचे, पांढरा शर्ट, पांढरी टोपी. त्यांची भाजी रोज मार्केट यार्डात यायची, म्हणून आमचा पत्ता त्यांना विचारावा लागला नव्हता. त्यांच्या हातात घडी घातलेला एक कागद होता. उभ्यानंच म्हणाले, "मी भांडायला न्हाई आलो. हे तुमच्या हितनं गेलं का, एवढंच सांगा."

कागदावर मोबाईलमधल्या एका चित्राची छापील प्रत होती. काळी पाटी, तिच्यावर हिरवी अक्षरं. त्यांच्या मुलीनं, ऋतुजानं, नोंदणी करताना खासगी टीप लिहिली होती: 'बारावीत असताना मला आकडी आली होती. तेव्हापासून गोळी चालू आहे. आठ वर्षांत पुन्हा त्रास नाही. हे मी लपवणार नाही, पण मुलाला मी स्वतः समोर बसून सांगेन. कृपया आपण आधी सांगू नये.'

हडपसरच्या सूरज नावाच्या मुलाशी तिचं जमत आलं होतं. दोघं भेटायच्या तीन दिवस आधी हे चित्र मुलाच्या मामाच्या मोबाईलवर आलं, तिथून भावकीच्या ग्रुपवर, तिथून वाघोलीत. मुलाकडच्यांनी निरोप धाडला की आजार लपवून पोरगी गळ्यात मारत होता.

विश्वजीतनं कागद पाहिला आणि क्षणभरही न थांबता म्हणाला, "काका, आपल्याकडं डेटा एकदम सेफ असतो. हल्ली मोबाईल हॅक होतात. नाहीतर मुलीनंच कुणा मैत्रिणीला पाठवलं असेल."

हिंदुरावांनी कागद पुन्हा त्याच्यापुढे धरला. "माझ्या पोरीनं स्वतःची आकडी स्वतःच गावभर केली म्हणता?"

"तसं नाही, पण असं होतं."

श्यामलाताई उठून आल्या. त्यांनी कागद मागून घेतला. मी मान खाली घातली होती, तरी त्या काय वाचतायत ते मला माहीत होतं. मुलीच्या वाक्याच्या आधी तारीख होती, वेळ होती, सेकंदाचा हजारावा भागसुद्धा होता, आणि मग जावाच्या एका क्लासचं, म्हणजे कोडच्या एका तुकड्याचं, ठिपक्याठिपक्यांचं लांबलचक नाव. मोबाईलवर असं कुणी टाइप करत नाही. असं फक्त लॉग लिहितो.

"दादा, हा कागद माझ्याकडे राहू दे," त्या हिंदुरावांना म्हणाल्या. "मी श्यामला बेहेरे. तुमचा नंबर द्या. रविवारपर्यंत मी स्वतः कळवते."

ते गेल्यावर विश्वजीत म्हणाला, "ताई, उगाच कशाला शब्द दिला?" त्यांनी कागदाची घडी घातली. त्याच्याकडे बघितलं, आणि तो बसला होता त्या खुर्चीपासून जरा लांबून वळसा घालून आपल्या जागेवर गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "सलिल, तुझ्या स्क्रीनवरची अक्षरं हिरवी आहेत."

"हो."

"इथे आणखी कुणाची हिरवी आहेत?"

कुणाची नव्हती. तो रंग मी हौसेनं लावून घेतला होता.

त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं. मी सगळं सांगितलं. चहाच्या वेळी ती ओळ मला सापडली होती. मी तिचा स्क्रीनशॉट काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'करंट असलेली मुलगी.' विश्वजीतनं हसून हसून तो आपल्या मावसभावाला पाठवला, आणि मावसभाऊ हडपसरला त्या मामाच्या दुकानाशेजारी राहायचा. मी तिचं वाईट व्हावं म्हणून काही केलं नव्हतं, असं मी म्हणालो.

ताई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. "रागावून केलं असतंस तर समजलं तरी असतं," त्या म्हणाल्या. "मला तुझ्याकडे बघवत नाहीये, म्हणून इकडे बघून बोलतेय. आता माझ्याबरोबर वर चल."

सरोजिनीबाईंच्या खोलीत ती जुनी लोखंडी कपाटं अजून होती. ताईंनी लॅपटॉप बाईंच्या पुढ्यात ठेवला, ऋतुजाच्या नोंदणीच्या दिवसाचा लॉग उघडला आणि हळूहळू खाली सरकवत राहिल्या. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे कोण कोण वाचतं?" बाईंनी विचारलं.

"ज्याला कंटाळा येईल तो."

मी मान हलवली. मग मला माझी गोष्ट बाईंसमोर पुन्हा सांगावी लागली. 'करंट' हा शब्दही. तो शब्द त्या खोलीत, त्या बहात्तर वर्षांच्या बाईसमोर उच्चारताना मला स्वतःच्या तोंडाची किळस आली. ती पहिली वेळ.

मला वाटलं होतं बाई चिडतील. पण बाई म्हणाल्या, "श्यामला, हे सगळं आजच पुसून टाका. आणि त्या गृहस्थांना कळवा, चौकशी केली, काही सापडलं नाही. चाळीस वर्षांचं नाव आहे."

ताईंच्या चेहऱ्यावर तोच भाव आला, फाइल पहिल्यांदा उघडली तेव्हाचा. "बाकीचं सगळं पुसते," त्या म्हणाल्या. "ती एक ओळ पुसणार नाही. तिच्यावर तारीख आहे. तुम्ही बघितलीत का? नोंदणीच्याच दिवशी त्या मुलीनं आजार लिहून दिला होता, आणि मुलाला सांगणार हेही. गावात म्हणतायत तिनं लपवलं. लपवलं नाही, हे सांगणारी जगात ही एकच ओळ आहे, आणि ती आपल्या मोरीत पडलीय."

"मग काय करायचं म्हणता?"

"पत्र द्या. केंद्राच्या कागदावर, तुमच्या सहीनं. मुलीनं पहिल्या दिवशी खरं सांगितलं, आमच्या माणसांनी ते फोडलं. नाहीतर हा माझा राजीनामा, आणि हेच मी वाघोलीला जाऊन तोंडी सांगते."

बाईंनी दोन दिवस घेतले. त्या दोन दिवसांत ताई थांबल्या नाहीत. लॉग वेगळे करायला आता त्यांनी कुणाची परवानगी विचारली नाही. मला शेजारी बसवलं आणि टाइप मला करायला लावलं. चुका एका फाइलमध्ये. तक्रारी सोडवायला लागणारं दुसऱ्या फाइलमध्ये, त्यात फक्त अर्जाचा क्रमांक, वेळ, आणि जमलं की नाही जमलं. आमच्यापैकी कुणी कोणतं स्थळ उघडून पाहिलं याची तिसरी फाइल, जी सरोजिनीबाईंशिवाय कुणाला उघडता येणार नव्हती. खासगी टीप आणि पासवर्ड कुठल्याच फाइलमध्ये नाही. रोज नवी फाइल, महिन्यानं जुनी आपोआप जाणार. सगळ्यांचा मिळून एक पासवर्ड होता तो बंद, ज्याला त्याला आपापला.

हे सगळं करून आम्ही तपासलं, तर नव्या फायली नीट भरत होत्या, आणि जुन्या फाइलमध्येही सगळं पहिल्यासारखंच उतरत होतं. टिपांसकट. मी वैतागलो. ताईंनी दोन तास लॉगची मांडणी वाचून काढली. यात असं असतं की लॉग लिहिणारे भाग, म्हणजे लॉगर, एकाखाली एक असतात; धाकट्या लॉगरला जे लिहायला दिलं ते तो स्वतः लिहितो आणि वरच्या थोरल्यालाही पोचवतो, तुम्ही स्पष्टपणे नको म्हणेपर्यंत. त्या एका ओळीत 'नको' लिहायचं राहिलं होतं. शिवाय टिपा लिहिणारी मूळ सोय आम्ही एका ठिकाणी काढली होती, ती आणखी दोन ठिकाणी चिकटवलेली निघाली.

"बघ," त्या म्हणाल्या, "घाण वेगळी केली म्हणून थांबत नाही. कुठून येते ते बुजवावं लागतं." एवढंच बोलल्या आणि मला पुढची ओळ सांगितली.

शेवटी जुन्या तीन वर्षांच्या फायली. त्यांच्या प्रती कुठे कुठे निघाल्या ते सांगायलाही लाज वाटते. सगळ्यांच्या लॅपटॉपवर, एकाच्या पेन ड्राइव्हवर, आणि विश्वजीतच्या मशीनवर एक वेगळं फोल्डर, निवडक वाक्यांचं. नाव होतं 'बेस्ट'. ताईंनी ते उघडलं नाही. त्याला सांगितलं, "माझ्यासमोर पूस." त्यानं पुसलं. "ताई, एवढं काय, मजा होती," असंही म्हणाला.

रविवारी सकाळी आम्ही बसनं वाघोलीला गेलो. पत्र ताईंच्या पर्समध्ये होतं. भाडळ्यांचं घर रस्त्यापासून आत, एका बाजूला नवीन इमारती, दुसऱ्या बाजूला त्यांचा गोठा. हिंदुरावांनी खुर्च्या दिल्या. ऋतुजा आतून आली. औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती, सव्वीस वर्षांची, माझ्याच वयाची. मी तिला त्याआधी फक्त एक ओळ म्हणून पाहिलं होतं.

मी सांगितलं. हिंदुराव मध्येच उठून गोठ्याकडे निघून गेले. ऋतुजानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुम्ही वाचलं तेव्हा काय चाललं होतं ऑफिसात?" तिनं विचारलं.

"चहा."

"चहाबरोबर काय होतं?"

"खारी."

तिनं मान हलवली, जशी एखादी राहिलेली नोंद पुरी झाली. मग ती माझ्याशी बोलली नाही. ताईंना तिनं विचारलं, "ते सगळीकडून गेलं का?"

"आमच्याकडून गेलं. लोकांच्या मोबाईलमधलं माझ्या हातात नाही. खोटं सांगणार नाही मी तुला."

"बरं." तिनं पत्र उघडलं, उभ्यानं दोनदा वाचलं. तारखेवर बोट ठेवलं. "ही तारीख नक्की बरोबर आहे?"

"सेकंदापर्यंत."

हिंदुराव परत आले तेव्हा त्यांनी ते पत्र मागून घेतलं आणि माझ्याकडे न बघता ताईंना म्हणाले, "चहा घ्याल का, ताई?" ताई म्हणाल्या, "मी घेईन. त्याला नका देऊ." मला कुणी दिला नाही. मी अंगणात उभा राहिलो.

त्या पत्राच्या प्रती हिंदुरावांनी भावकीत दिल्या, हडपसरलाही एक पोचवली. दोन महिन्यांनी सूरजच्या घरच्यांचा निरोप आला की गैरसमज झाला, पुन्हा बोलू या. ऋतुजानं नाही म्हणून कळवलं. हे मला ताईंकडून नाही, सरोजिनीबाईंकडून समजलं. बाईंनी स्वतः तिला दुसरं स्थळ सुचवायला फोन केला होता आणि तिनं फोन ठेवून दिला होता.

विश्वजीतला बाईंनी राजीनामा द्यायला लावला. तो महिन्याभरात खराडीच्या एका मोठ्या कंपनीत लागला, वरच्या जागेवर. जाताना त्यानं केक कापला. श्यामलाताई त्या दिवशी रजेवर होत्या. मला बाईंनी ठेवलं, कारण नव्या फायलींची मांडणी ताईंखालोखाल मलाच माहीत होती. या कारणाची मला अजून शरम वाटते.

ताई नोव्हेंबरपर्यंत राहिल्या. काम पुरं झालं, कुठली फाइल कुठे, ती कुणी उघडायची, किती दिवस ठेवायची हे त्यांनी चार पानांत लिहून बाईंच्या कपाटात ठेवलं आणि नोकरी सोडली. बाईंनी कारण विचारलं. "किळस जात नाही," ताई म्हणाल्या. "जाईल असं वाटलं होतं."

मागच्या वर्षी मला त्या शनिवार पेठेत भाजीवाल्याकडे दिसल्या. मेथीची जुडी सोडून आतली पानं बघत होत्या. मी पुढे होऊन नाव सांगितलं. मी आता दुसरीकडे काम करतो, तिथं पहिल्या आठवड्यात मी लॉग उघडून बघितला, लोकांचे मोबाईल नंबर दिसत होते, ते बंद करून घेतले, असं मी भडाभडा सांगितलं.

त्यांनी ऐकलं. "बरं केलंस," म्हणाल्या, आणि मेथीवाल्याला ती जुडी परत देऊन दुसरी दाखवायला सांगितली. मी आणखी थोडा वेळ उभा होतो. त्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही.